परसातील मसाले आणि विकासाचा हिशेब

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)



मसाल्यांचा विषय निघाला की इतिहास आणि निर्यात या दोन गोष्टी आपल्याला प्रथम आठवतात. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतच्या किनाऱ्यावर पोहोचला, त्यामागे मिरीच्या व्यापाराचे आकर्षण होते, हे आपण शाळेतच शिकतो. पुढे अर्थशास्त्राच्या पुस्तकात काही आकडे भेटतात. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या यादीत १०९ मसाले आहेत आणि त्यांपैकी सुमारे ७५ भारतात पिकतात. मसाले मंडळ अधिनियम, १९८६ अन्वये २६ फेब्रुवारी १९८७ रोजी स्थापन झालेल्या आणि कोची येथे मुख्यालय असलेल्या मसाले मंडळाच्या कार्यकक्षेत ५२ मसाले येतात. २०२३-२४ या वर्षी भारतातून सुमारे १५.४ लाख टन मसाले व मसाला-उत्पादने निर्यात झाली आणि त्यांचे मूल्य सुमारे ४.४६ अब्ज डॉलर होते. मसाल्यांचे उत्पादन, उपभोग आणि निर्यात या तिन्ही बाबतींत भारत जगात अग्रेसर आहे.

आज मला ज्या मसाल्यांविषयी बोलायचे आहे, ते मात्र बहुधा बाजारात येतच नाहीत. घरामागच्या परसात, विहिरीच्या कडेला, चाळीच्या गॅलरीत किंवा खिडकीतल्या कुंडीत कोणीतरी कोथिंबीर, पुदिना, मिरची, आले, हळद किंवा कढीपत्ता लावते आणि तो त्याच घरातल्या फोडणीत पडतो. त्याची पावती फाटत नाही, त्यावर कर लागत नाही आणि बाजार समितीच्या नोंदवहीत तो दिसत नाही. विकासाच्या चर्चेत अशा उत्पादनाचे काय करायचे, हा माझ्या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे.

माझे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. परसातील मसाल्यांचे खरे मोल त्यातून मिळणाऱ्या उत्पन्नात नाही. बाजारात काहीही झाले तरी आपल्या ताटातील काही गोष्टी आपल्या हाती राहतात, या आश्वासनात ते आहे. आपली मोजमापाची साधने हे मोल अर्धवट टिपतात आणि धोरण एक तर त्याकडे दुर्लक्ष करते किंवा त्याला उत्पन्नवाढीची योजना समजून त्याच्यावर नको ते ओझे टाकते.

परसबागेला आधी परस हवे

परसबागेचा भारतातील सर्वांत परिपूर्ण नमुना पाहायचा तर केरळकडे जावे लागते. तेथे घर आणि घराभोवतीची जमीन मिळून जो एकक होतो, त्याला मल्याळम भाषेत 'पुरयिडम' म्हणतात. या छोट्या तुकड्यात पिकांचे मजले असतात. सर्वांत वर नारळ. त्याखाली फणस, आंबा किंवा पांगारा आणि त्यांच्या खोडावर चढलेली मिरवेल. मधल्या थरात जायफळ, केळी, लवंग. आणि जमिनीलगत आले, हळद, मिरची, कंदवर्गीय पिके. स्वयंपाकघराच्या दारापाशी कढीपत्त्याचे झाड असतेच. ऊन, पाऊस आणि जमिनीचा ओलावा यांचा प्रत्येक थर आपापल्या गरजेप्रमाणे उपयोग करतो. गोव्यातील कुळागर आणि कोकणातील नारळ-पोफळीच्या बागेत वाढणारी मिरी, जायफळ, दालचिनी ही याच कुळातील व्यवस्था होय. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या जायफळाच्या 'कोकण सुगंधा' आणि दालचिनीच्या 'कोकण तेज' या जाती अशा मिश्र बागांत उपयुक्त ठरल्या आहेत.

केरळमधील ही व्यवस्था केवळ भरपूर पावसामुळे सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली नाही. तिच्यामागे कायदा आहे. केरळ जमीन सुधारणा अधिनियमात १९६९ मध्ये मूलगामी दुरुस्ती झाली आणि १ जानेवारी १९७० पासून ती अमलात आली. दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणाऱ्या शेतमजुरांना, म्हणजे 'कुडिकिडप्पुकार' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुटुंबांना, झोपडीभोवतीची जमीन खरेदी करण्याचा हक्क मिळाला. ग्रामपंचायत क्षेत्रात १० सेंट, नगरपालिका क्षेत्रात ५ सेंट आणि मोठ्या शहरांत ३ सेंट अशी मर्यादा होती. दहा सेंट म्हणजे सुमारे ४०५ चौरस मीटर, आपल्या भाषेत साधारण चार गुंठे. त्यात घर, एक-दोन नारळ, मिरवेल, कढीपत्ता आणि आल्या-हळदीचा वाफा सहज बसतो.

येथे एक मूलभूत गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. परसबाग ही बियाण्याची पाकिटे वाटून निर्माण होत नाही. तिला परस लागते आणि त्या परसावर कुटुंबाचा निर्वेध हक्क लागतो. उद्या हुसकावून लावले जाईल अशी भीती असलेले कुटुंब एका महिन्यात येणारी मेथी लावील, पण अनेक वर्षे पाने देणारे कढीपत्त्याचे झाड लावणार नाही. मालकी हक्क आणि गुंतवणूक यांचा संबंध अर्थशास्त्रात आपण शिकतो, त्याचे हे सर्वांत लहान आणि सर्वांत स्पष्ट उदाहरण होय. बिहारमध्ये १९४७ च्या कायद्याने वासगीत जमिनीवरील कुळांना दिलेले संरक्षण किंवा पश्चिम बंगालमध्ये २०११ मध्ये सुरू झालेली 'निजो गृह निजो भूमी' योजना यांचा अभ्यास तुम्ही याच दृष्टीने करावा.

कुंडीचे अर्थशास्त्र

आता असा प्रश्न उपस्थित होतो की, बाजारात सर्व काही मिळत असताना कोणी घरी मसाला का लावावा? श्रमविभागणीचा सिद्धांत सांगतो की, प्रत्येकाने आपल्याला जे उत्तम जमते ते करावे आणि उरलेले विकत घ्यावे. मोठ्या क्षेत्रावर पिकणारी हळद कुंडीतील हळदीपेक्षा निश्चितच स्वस्त पडते. तरीही परसबाग टिकून आहे. त्याची चार कारणे आहेत.

पहिले कारण अविभाज्यतेचे. बाजार कोथिंबीर जुडीने विकतो. स्वयंपाकाला मात्र चार काड्या लागतात. उदाहरणादाखल, जुडी १५ रुपयांना मिळते आणि तिचा निम्मा भाग दोन दिवसांत पिवळा पडून वाया जातो असे धरू. म्हणजे प्रत्यक्ष वापरात आलेल्या अर्ध्या जुडीला १५ रुपये पडले. पूर्ण जुडीच्या मानाने ३० रुपये. कुंडीतून मात्र हवी तेवढीच पाने खुडता येतात. उरलेली झाडावरच ताजी राहतात आणि साठवणुकीचा खर्च शून्य होतो.

दुसरे कारण ताजेपणाचे. धान्य किंवा वाळलेला मसाला दूरवर नेता येतो. परंतु पुदिना, गवती चहा, ओव्याची पाने यांचा सुगंध त्यांच्यातील उडून जाणाऱ्या तेलांत असतो आणि तो प्रवासात घटतो. हा गुणधर्म बाजार पूर्णपणे पुरवू शकत नाही.

तिसरे कारण किमतीतील चढउताराचे. कोथिंबीर पेरल्यापासून साधारण ३५ ते ४५ दिवसांत काढणीस येते आणि अत्यंत नाशवंत असते. तीव्र उन्हाळ्यात ती लवकर फुलावर जाते आणि सततच्या पावसात सडते. त्यामुळे तिचा पुरवठा काही दिवसांतच आटतो आणि भाव एकदम चढतो. उलट थंडीत आवक वाढली की शेतकऱ्याला काढणीचा खर्चही सुटत नाही. ज्या घरात चार कुंड्या आहेत, त्या घराला या चढउताराची झळ कमी लागते.

चौथे कारण माहितीच्या विषमतेचे. विकणाऱ्याला मालाचा दर्जा ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो, अशा बाजारात काय घडते याचे विश्लेषण जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात केले आणि २००१ मध्ये ते नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. दळलेला मसाला हे या सिद्धांताचे स्वयंपाकघरातील रूप होय. पूड झाली की भेसळ डोळ्यांना दिसत नाही. हळदीचा रंग उजळ दिसावा म्हणून लेड क्रोमेट या शिसेयुक्त पिवळ्या रंगाचा वापर होतो, ही दक्षिण आशियातील जुनी समस्या आहे. २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूर येथे काही भारतीय मसाला-मिश्रणांत इथिलीन ऑक्साइड आढळल्यावरून विक्रीवर कारवाई झाली. युरोपीय संघाने भारतातून येणाऱ्या कढीपत्त्यावर कीटकनाशकांच्या अवशेषांसाठी वाढीव तपासणी लावली होती, हेही स्मरणात ठेवावे. घरच्या कढीपत्त्यावर काय फवारले, हे घरच्या माणसाला ठाऊक असते.

मात्र येथे एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक वाटते. भेसळीवरचा उपाय परसबाग हा नव्हे. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातील हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे आढळले होते. शासनाने तपासणी, दंड आणि जनजागृती यांची मोहीम हाती घेतल्यावर २०२१ पर्यंत हे प्रमाण शून्यावर आले. म्हणजेच सार्वजनिक प्रश्नाला सार्वजनिक उत्तरच लागते. आपल्याकडे अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अस्तित्वात आहे. तो काटेकोरपणे राबवणे ही शासनाची जबाबदारी आहे आणि 'घरीच पिकवा' असे सांगून ती नागरिकांवर ढकलता येणार नाही.

काय लावता येते आणि काय नाही

घरच्या मसाल्यांचे त्यांच्या कालावधीनुसार तीन गट करता येतात. पहिला गट एक-दोन महिन्यांचा. मेथी चार आठवड्यांत खुडता येते. कोथिंबिरीसाठी धणे हलके रगडून त्यांचे दोन भाग करून पेरावे लागतात, कारण एका धण्यात दोन बिया असतात. पुदिन्याला बी लागत नाही. बाजारातील जुडीतील जाड काड्या पाण्यात ठेवून मुळ्या फुटल्या की लावता येतात. या गटाला भांडवल जवळजवळ लागत नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांनाही हे शक्य आहे. मात्र रोज चार-पाच तास ऊन येणारी खिडकी हवी.

दुसरा गट एका हंगामाचा. त्यात मिरची, आले आणि हळद येतात. आले व हळद यांचे निरोगी, डोळे असलेले बेणे उन्हाळ्याच्या अखेरीस, मोसमी पावसाच्या आधी लावतात. माती, शेणखत आणि पालापाचोळा भरलेल्या गोणीतही ही पिके येतात. आले साधारण आठ महिन्यांत आणि हळद सात ते नऊ महिन्यांत तयार होते. पाणी साचले तर कंदकूज होते, म्हणून निचरा महत्त्वाचा. ओली हळद तशीच वापरता येते, परंतु पूड करायची तर कंद उकडणे, अनेक दिवस वाळवणे आणि दळणे हे सोपस्कार आले. दोन किलो हळदीसाठी हे करणे परवडत नाही. घरगुती उत्पादनाची मर्यादा नेमकी येथे सुरू होते: पीक घेणे स्वस्त असते, पण प्रक्रिया महाग पडते. बचत गटाने दहा-वीस घरांची हळद एकत्र उकडली तर ही मर्यादा ओलांडता येते.

तिसरा गट बहुवर्षायू झाडांचा. त्यात कढीपत्ता, मिरी, जायफळ, दालचिनी येतात. मिरी हा उंच वेल असल्याने तो शहरी घरात लावता येत नाही असा समज होता. परंतु फळणाऱ्या आडव्या फांद्यांना मुळे फोडून लावल्यास वेल न वाढता झुडूप तयार होते आणि ते कुंडीतही मिरीचे घड देते. कोझिकोड येथील भारतीय मसाला संशोधन संस्थेने या झुडपी मिरीचा प्रसार केला आहे. मिरीच्या संशोधनातही या प्रदेशाचा मोठा वाटा आहे. जगातील मिरीची पहिली संकरित जात, पन्नियूर-१, केरळच्या कन्नूर जिल्ह्यातील पन्नियूर येथील संशोधन केंद्रातच विकसित झाली.

काही मसाले घरी पिकवण्याचा अट्टहास करू नये. २०२३ च्या उत्तरार्धात ग्राहक किंमत निर्देशांकातील मसाल्यांची महागाई २० टक्क्यांच्या वर गेली होती. त्यामागे जिऱ्याच्या भावातील असाधारण वाढ हे एक प्रमुख कारण होते. देशातील जवळजवळ सर्व जिरे गुजरात आणि राजस्थानात पिकते, कारण त्याला कोरडी व थंड हवा लागते. केरळमधील किंवा कोकणातील कितीही समृद्ध परसबाग जिऱ्याची महागाई थोपवू शकत नाही. त्या वेळच्या, म्हणजे २०१२ आधारवर्षाच्या, निर्देशांकात मसाल्यांचा भार ग्रामीण भागात ३.११ आणि शहरी भागात १.७९ होता. ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात मसाल्याचा वाटा शहरी कुटुंबापेक्षा मोठा असतो, ही बाब यातून दिसते. मसाला ही केवळ चैनीची वस्तू आहे, या समजुतीला हा आकडा छेद देतो. भाजी थोडी असली की भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा किंवा चटणी पुढे येते, हे गरिबाच्या ताटाचे वास्तव आहे.

हिशेबात हे उत्पादन कोठे असते?

आता परीक्षेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळू. परसातील मिरची स्थूल देशांतर्गत उत्पादनात मोजली जाते का? अनेक विद्यार्थी 'नाही' असे उत्तर देतात, कारण ती विकली जात नाही. हे उत्तर चुकीचे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय लेखा पद्धतीच्या १९९३ आणि २००८ च्या आवृत्त्यांनुसार, कुटुंबाने स्वतःच्या उपभोगासाठी उत्पादित केलेल्या वस्तू उत्पादनाच्या सीमारेषेच्या आत येतात. म्हणजे मिरची पिकवणे हे उत्पादन आहे. परंतु त्या मिरचीची भाजी करून घरच्यांना वाढणे ही स्वतःच्या कुटुंबासाठी दिलेली विनामूल्य सेवा असल्याने ती सीमारेषेच्या बाहेर राहते. परसातून स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडताच तेच हात राष्ट्रीय हिशेबातून वगळले जातात.

दुसरे साधन उपभोग खर्चाच्या सर्वेक्षणाचे. त्यात घरी पिकवून खाल्लेल्या वस्तूंचीही नोंद होते. पण परंपरेने त्यांचे मूल्य शेतावरील भावाने धरले जाते. आपल्या आधीच्या उदाहरणात शेतावर त्या जुडीला ५ रुपये मिळतात असे धरा. सर्वेक्षणाच्या दृष्टीने कुटुंबाने ५ रुपयांचा उपभोग घेतला. प्रत्यक्षात त्याचे १५ रुपये वाचले. ही पद्धत अशास्त्रीय नाही, कारण वाहतूक आणि विक्री यांचा खर्च येथे झालेलाच नसतो. परंतु कुटुंबाच्या जगण्यातील तिचे महत्त्व या आकड्यावरून कळत नाही, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

तिसरे साधन रोजगाराच्या सर्वेक्षणाचे आणि तेथे प्रश्न अधिक गंभीर होतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या वर्गीकरणात केवळ घरकाम करणाऱ्या व्यक्तीला ९२ हा संकेतांक मिळतो. घरकामाबरोबर सरपण, पालेभाजी, वैरण गोळा करणे, घरच्यासाठी शिवणकाम करणे अशी कामे करणाऱ्या व्यक्तीला ९३ हा संकेतांक मिळतो. दोन्ही गट श्रमशक्तीच्या बाहेर मानले जातात. २०११-१२ च्या ६८ व्या फेरीपर्यंतच्या रोजगार सर्वेक्षणांत अशा स्त्रियांना काही ठरावीक पूरक प्रश्न विचारले जात आणि त्यांत 'परसबागेची देखभाल करता का?' हा प्रश्न होता. म्हणजे एकाच परसबागेतील मिरची तत्त्वतः राष्ट्रीय उत्पन्नात येते. पण ती पिकवणारी स्त्री मात्र श्रमशक्तीत येत नाही.

ही विसंगती दूर करण्याचे प्रयत्न झाले आहेत. १९९८-९९ मध्ये हरियाणा, मध्य प्रदेश, गुजरात, ओडिशा, तमिळनाडू आणि मेघालय या सहा राज्यांत वेळेच्या वापराचे प्रायोगिक सर्वेक्षण झाले. पहिले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये आणि दुसरे २०२४ मध्ये पार पडले. त्यांत 'स्वतःच्या उपभोगासाठी वस्तूंचे उत्पादन' हा घरकामापासून वेगळा गट आहे आणि परसबाग तेथे बसते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या छत्राखाली २०१३ मध्ये झालेल्या श्रम सांख्यिकी परिषदेने तर असे ठरवले की, स्वतःसाठीचे उत्पादन हे 'काम' आहे, मात्र 'रोजगार' नव्हे. काम आणि रोजगार यांतील हा भेद तुम्ही नीट समजून घ्यावा. पुढील काळात त्यावर प्रश्न विचारले जाण्याची शक्यता आहे.

पोषण आणि वेळ

परसबागेचे समर्थन बहुधा पोषणाच्या नावाने केले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. आधीच्या फेरीत हे प्रमाण ५३.१ टक्के होते. ८ मार्च २०१८ रोजी सुरू झालेल्या पोषण अभियानात 'पोषण वाटिका' या संकल्पनेला स्थान मिळाले. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या माध्यमातूनही बचत गटांच्या स्त्रिया अशा बागा करीत आहेत.

तथापि, अतिशयोक्ती टाळली पाहिजे. आमटीवर भुरभुरलेल्या कोथिंबिरीने रक्तक्षय जात नाही. मसाल्याची मात्रा इतकी अल्प असते की तिच्यातील जीवनसत्त्वांचा हिशेब फारसा पुढे जात नाही. मसाल्याचे पोषणातील काम वेगळे आहे. तो साध्या डाळीला, भरडधान्याला आणि पालेभाजीला रुची देतो आणि स्वस्त परंतु पौष्टिक अन्न खाण्याजोगे करतो. म्हणून मसाल्याची कुंडी पालेभाजीच्या, शेवग्याच्या आणि लिंबाच्या जोडीने असावी. लिंबातील 'क' जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातील लोहाच्या शोषणास मदत करते, ही बाब येथे उपयोगी पडते.

दुसरी मर्यादा वेळेची. २०२४ च्या सर्वेक्षणानुसार विनामूल्य घरकामात सहभागी असलेल्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात घालवतात. सहभागी पुरुषांसाठी हा आकडा ८८ मिनिटे आहे. जवळजवळ पाच तास घरकाम करणाऱ्या स्त्रीला 'आता पोषण वाटिकाही करा' असे सांगताना तिला पाणी किती दूरवरून आणावे लागते, हे कोणी विचारत नाही. नळ दारात नसेल तर दहा कुंड्या म्हणजे दोन हंड्यांची वाढीव खेप. कार्यालयात बसून आखलेली योजना अनेकदा येथेच फसते. परसबाग वाढवायची असेल तर आधी पाणी घराजवळ आणावे लागेल आणि तिच्या देखभालीत पुरुषांचा वाटा वाढावा लागेल.

बाजाराचा धडा

परसातील मसाल्याला बाजाराशी जोडून कुटुंबाचे उत्पन्न वाढवावे, असा सल्ला नेहमी दिला जातो. केरळमधील मिरीचा अनुभव या बाबतीत बोधप्रद आहे. परसातील मिरवेल घरची गरज भागवून उरलेले नगदी उत्पन्न देत असे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस चढ्या भावामुळे वायनाडसारख्या भागात अनेक शेतकऱ्यांची सारी भिस्त मिरीवर गेली. पुढे व्हिएतनाम जगातील सर्वांत मोठा उत्पादक व निर्यातदार बनला. भारत-श्रीलंका मुक्त व्यापार करार मार्च २००० पासून लागू झाला. भाव कोसळले आणि त्याच काळात मर रोगाने वेली गेल्या. कर्ज काढून मिरी लावणाऱ्यांची स्थिती अत्यंत बिकट झाली. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र शासनाला मिरीसाठी किलोमागे ५०० रुपये किमान आयात किंमत ठरवावी लागली.

ज्यांच्या परसात मिरीबरोबर नारळ, केळी, आले, कंद असे सर्व काही होते, त्यांनाही तोटा झाला. पण ताट रिकामे झाले नाही. मिरीचा भाव पडला तर त्यांचे उत्पन्न घटते, भाव चढला तर खरेदीचा खर्च वाचतो. स्वतःच्या उपभोगासाठीचे उत्पादन हा विम्याचाच एक प्रकार होय आणि त्याचा हप्ता श्रमाने भरला जातो. हा विमा मोडून त्याचे सर्व भांडवल एका पिकात घालणे, याला विकास म्हणता येणार नाही.

घरगुती ज्ञानाचेही असेच आहे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळदीच्या वापरावर एकस्व देण्यात आले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. प्रत्येक घरातील आजीला ठाऊक असलेली गोष्ट सिद्ध करण्यासाठी लिखित, प्रकाशित पुरावे सादर करावे लागले. त्यानंतर २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले. जे नोंदले जात नाही ते हक्काच्या वेळी सिद्ध करता येत नाही, हा धडा श्रमालाही लागू आहे आणि ज्ञानालाही.

पुढची दिशा

या विवेचनातून चार सूचना निघतात. पहिली, घरकुलाच्या प्रत्येक योजनेत घराच्या पायाबरोबर परसाचाही विचार व्हावा आणि त्या जागेची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे असावी. दुसरी, रोपे आणि बेणे स्थानिक हवामानाला अनुरूप असावीत. राज्यभर एकाच प्रकारच्या बियाण्यांची पाकिटे वाटण्याऐवजी कृषी विज्ञान केंद्रे व बचत गट यांनी गावातच रोपवाटिका चालवाव्यात. तिसरी, यशाचे मोजमाप 'किती वाटिका उभारल्या' या संख्येने न करता 'दोन वर्षांनी किती टिकल्या आणि किती महिने घराला पुरवठा झाला' या कसोटीने करावे. चौथी, रोजगाराच्या सर्वेक्षणांत स्वतःसाठीच्या उत्पादनाविषयीचे प्रश्न सातत्याने विचारले जावेत, म्हणजे वेळेच्या वापराच्या सर्वेक्षणाशी त्यांची सांगड घालता येईल.

मित्रहो, तुमच्यापैकी काही जण उद्या गटविकास अधिकारी, तहसीलदार, सांख्यिकी अधिकारी किंवा जिल्हाधिकारी व्हाल. पोषण वाटिकांचा मासिक अहवाल तुमच्या टेबलावर येईल आणि त्यात एका रकान्यात एक संख्या असेल. त्या संख्येवर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: ही जमीन कोणाच्या नावावर आहे, पाणी कोठून येते आणि ते कोण आणते? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर त्या परसात पुढच्या वर्षीही कढीपत्ता उभा असेल. नसतील, तर अहवाल कितीही उत्तम असला तरी वाफा कोरडाच राहील.